आजोबांची खुर्ची

मांजर घराबाहेर गेली, की गुबगुबीत आरामखुर्ची पुन्हा आपली, असा आजोबांचा सरळ हिशेब होता. म्हणून डॉक्टरांपुढे ते चार शिंका जास्तच शिंकले. "नाक गळतं, छातीत शिट्टी वाजते. दोन्ही पराक्रम त्या मांजरीचे!"

"नाक आणि छाती एकाच वाटेवर असतात, आजोबा. एक चिडलं की दुसरं ओरडतं. पण चिडवतं कोण, ते बघू."

तपासणीत मांजर निर्दोष सुटली. गुन्हेगार निघाली खुर्चीच्या जुन्या गादीतली धूळ.

"बाबा, आता मांजरीची माफी मागा," म्हणत सुनेनं खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली.

औषधानं शिंका थांबल्या, शिट्टीही थांबली. हल्ली आजोबा लाकडी बाकावर बसतात आणि मांजर आजोबांवर.