न चढलेला अंतरा

"आजी, हा अंतरा वर का जात नाही?"

स्वानंदीने कानांवरचा हेडफोन काढून विचारलं, तेव्हा कुसुमताई पेटीचा भाता मिटत होत्या. मालगुंडच्या देवळात महिला भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण नुकतंच आटपलं होतं. बाकीच्या बायका चहाची वेळ झाली म्हणून पाखाडीच्या पायऱ्या उतरून घरी गेल्या होत्या. सभामंडपात आता तिघीच होत्या. कुसुमताई, त्यांच्या थोरल्या जाऊबाई द्वारकावहिनी, आणि मुंबईला संगीतरचना शिकणारी ही रत्नागिरीची मुलगी.

"वर म्हणजे?" कुसुमताईंनी विचारलं.

"म्हणजे बघा, मुखडा खालच्या सुरांत आहे. 'समुद्राच्या पायरीशी बसला गणराय'. 'गण'वर बरोबर सम येते. मुखडा एवढा खाली ठेवला, की अंतऱ्यात चाल मोकळी सोडायची, वरच्या षड्जाला भेटवून आणायची, असं आम्हाला शिकवतात. हा अंतरा पंचमापर्यंत जातो आणि माघारी वळतो. चारही कडव्यांत. कुणीतरी मुद्दाम केलंय हे. मोठा माणूस असणार." तिने वही उघडली. "शब्द काशीराम मास्तरांचे. चाल कुणाची लिहू?"

"पारंपरिक लिही," द्वारकावहिनी म्हणाल्या. "कुसुमच्या माहेरची आहे, हेदवीची. लग्न होऊन आली ती घेऊनच आली."

कुसुमताईंनी मिटत आणलेला भाता पुन्हा मोकळा केला.

ही चाल बांधली तेव्हा तो मोठा माणूस एकोणीस वर्षांचा होता आणि पाट्यावर ओलं खोबरं वाटत होता.

मास्तरांनी गणपतीसाठी लिहिलेलं पद कागदावर घरात आलं होतं. नुसतेच शब्द, चाल नाही. कुसुमने ते आधी मनात वाचलं, मग पुटपुटत बोलून पाहिलं. बोलताना आवाज 'पायरीशी'ला आपसूक खाली उतरायचा, 'गणराय'पाशी जरा थबकायचा. शब्द वळत होते तिथे तिने सूर वळवले, शब्द थांबत होते तिथे श्वास घेतला. लय वरवंट्याने दिली. पुढे, मागे, पुढे, मागे. काचेच्या कौलातून उन्हाचा कवडसा चुलीपर्यंत सरकायचा, तेवढा वेळ तिचा असायचा. तीन दुपारींत मुखडा झाला. चौथ्या दुपारी अंतरा सुरू झाला आणि वर निघाला. तिने नेला नव्हता, आपण होऊन निघाला होता. इतका आनंद तिला त्या घरात तोवर झाला नव्हता.

बाहेर ओटीवर मामंजी खाकरले. सुनेचा आवाज ओटीवर जायची त्या घरात रीत नव्हती. वरवंट्याच्या घरघरीत लपेल तेवढाच सूर घेता येत होता. तो पंचम होता.

गौरीच्या दिवशी बायकांनी विचारलं, सुरेख आहे गो, कुठली चाल? तिच्या तोंडून निघून गेलं, आमच्या हेदवीची. पुढे तिने आणखी पंधरा-वीस चाली बांधल्या. त्या सगळ्याच हेदवीच्या झाल्या.

"मुद्दाम नाही केलं कुणी," कुसुमताई म्हणाल्या. "भीतीने केलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. थोडक्यात, पेटीकडे बघत. वहिनींकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही.

स्वानंदीने वही मिटली. मग म्हणाली, "वर जाणारा कसा होता?"

आता कुठलं आठवायला, असं कुसुमताई म्हणणार होत्या. पण बोटं पट्ट्यांवर गेली होती. त्यांनी पहिलं कडवं उचललं. पंचमाला आल्यावर गळा सवयीने माघारी फिरला. त्या थांबल्या. पुन्हा उचललं. या वेळी पंचम मागे पडला, धैवत, निषाद, आणि षड्जावर आवाज चिरकला, अडुसष्ट वर्षांचा आवाज, पण खाली आला नाही. तिथेच उभा राहिला. मग सावकाश, एकेक पायरी बघत, मुखड्यात उतरला.

"मी रेकॉर्डिंग चालू केलं नाही," स्वानंदी हळूच म्हणाली. "चुकलं माझं."

"बरं झालं," कुसुमताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जाऊबाईंकडे वळल्या. "वहिनी, इतकी वर्षं खोटं बोलले मी तुमच्याशी."

द्वारकावहिनी पदराने चष्मा पुसत होत्या. "मला ठाऊक होतं गो. त्या गौरींनंतरच्या माघात मी हेदवीला गणपतीच्या दर्शनाला गेले नव्हते? तुझ्या आईकडेच उतरले होते. म्हटलं, ती चाल जरा म्हणून दाखवा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"घरात कळलं असतं तर दुसरी चाल बांधू दिली असती तुला?" वहिनींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि गुडघ्यावर हात टेकत पेटीजवळ सरकल्या. "आता ते वरचं परत म्हण. सावकाश म्हण. मला गळ्यात बसवून घ्यायचंय."