आधी स्कूटरला

नव्या गाडीला वॅक्स कोणतं लावायचं, याचा नवऱ्याने चार महिने कीस पाडला. कोऱ्या रंगावर प्रयोग नकोत, म्हणून बाजारातून आणलेली प्रत्येक बाटली तो आधी बायकोच्या जुन्या स्कूटरला चोळून बघायचा. स्कूटर अशी चमकायला लागली, की शेजारी विचारायचे, "वहिनी, नवी घेतलीत?" गाडीवरच्या धुळीत मात्र मांजराची पावलं उमटली होती.

रविवारी तो एक डबी नाचवत घरात आला. "ठरलं एकदाचं! हेच वॅक्स. आज गाडी चकाचक!"

बायकोने खिडकीतून खाली आपल्या स्कूटरकडे डोळे भरून पाहिलं.



"लावा की. पण मी काय म्हणते, ते सीलंट नावाचं नवं पॉलिश आलंय ना, ते याहून जास्त टिकतं म्हणे... एकदा स्कूटरला लावून बघता का?"