चौथा ग्राइंडर

नवरा कॉफी चाखणारा, तोच त्याचा पेशा. तापाने त्याच्या जिभेची चव नेली, त्याला आता वर्ष झालं. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण तो मात्र खापर फोडायचा ग्राइंडरवर. "अगं, दाणे एकसारखे दळतच नाहीत, चव येणार कुठून?" तीन बदलून झाले. चौथा निवडायला ती दुकानात आली.

दुकानदाराने दोन पुढे ठेवले. "ताई, हा चांगला आहे. पण हा दुसरा म्हणजे सगळ्यांचा बाप! एकदा हा नेला की पुढे बदलायला काही उरतच नाही."

"काहीच नाही?"

"काही म्हणजे काहीच नाही. बांधू?"

तिने पुढे केलेला हात मागे घेतला.

"नको. आज पहिलाच द्या."