ग्लेट्टाचा लगाम
आमच्या तबेल्यातला एक घोडा हावरट, दुसरा रुसका, पण ग्लेट्टा सगळ्यांत नाठाळ. फुशारकी मारणाऱ्या पाहुण्याला हमखास ओढ्यात बसवते, भेदरलेल्या पोराला मात्र अलगद फिरवून आणते. माझा मुलगा ह्याल्टी डेन्मार्कला गेल्यापासून ती कुणाच्याच हाकेला येत नाही. बापाच्या मातीलाही न आलेला ह्याल्टी आज ट्रक घेऊन दारात आला. “आई, ग्लेट्टाला नेतो तिकडे. पोरींना घोडी हवीय.” त्याने शीळ घातली आणि बया कुरणातून धावत आली! मी तिला लगाम चढवला आणि तो घट्ट धरून ठेवला. “अगं, नाही करमलं तिला, तर आणून सोडतो की परत!” “आइसलँडबाहेर गेलेला घोडा पुन्हा इथे येऊ देत नाहीत. शेंबडं पोरही सांगेल.” “अरे हो! विसरलोच.” मी लगाम त्याच्या हातात दिला. “तिला कायदा अडवेल, बाळा. तुला कोणी अडवलं होतं?”