बिल्ला नंबर सत्तेचाळीस

“आजी, ह्यो बिल्लो माका देतलात?”

विचारलं एकदाचं! गौरजाने डोळे गच्च मिटले आणि ती शिव्यांची वाट बघत उभी राहिली. कुंपणामागे तिचे दोस्त मिहीर आणि ओवी दबा धरून बसले होते. पैज त्यांनीच लावली होती. इनासिया आजीला हा प्रश्न विचारून जी जिवंत परत येईल, तीच खरी संग्राहक.

इनासिया आजी म्हणजे सत्तरी ओलांडलेली तोफ. फ्रॉकवर पितळी बिल्ला लावून ती रोज सकाळी सात वाजता रेडी बंदराच्या रस्त्याकडेला उभी राहायची आणि शिट्टी मारून खनिजाचे डंपर थांबवायची. बालवाडीची पोरं पलीकडे गेली की मगच डंपर सुटायचे. भलेभले ड्रायव्हर तिला टरकून असायचे.

बिल्ला होताच तसा. एकाहत्तरच्या युद्धात मुंबईतल्या एका कारखान्याने फाटकावर जादा पहारेकरी घेतले, त्यात आजीही होती; हा तेव्हाचा. गौरजाने असे युद्धकाळातले पंधरा बिल्ले गावोगावच्या घरांतून मागून आणले होते आणि आमसुलांनी घासून लखलखीत केले होते. पंधराही पुरुषांचे! कामगार बायकांची झडती घेणाऱ्या बाईचा बिल्ला तिच्या माहितीत एकच होता, नंबर सत्तेचाळीस. उद्या कुडाळला छंद-प्रदर्शन. बाबांनी तिच्यासाठी सोळा खणांची पेटी केली होती. तो रिकामा सोळावा खण बघून गौरजाला जेवण जात नव्हतं.

शिव्या आल्याच नाहीत. गौरजाने एक डोळा उघडला.

आजी बिल्ल्याची पिन सोडवत होती.

“सांतान!” ती घरात बघून ओरडली. “बॅग भर रे! बिल्लो मागूक इली!”

तिचा नवरा सांतान अर्धा सोललेला कांदा हातात घेऊन धावत बाहेर आला आणि गौरजाकडे बघायला लागला. “कोण? ह्यां चेडू? सायबा, पावलंस रे!”

“आजी, मी म्हणजे...”

“गप! नीट उभी रव,” आजीने दटावलं. “आमच्या गेटार घड्याळ बघून कोण घराक जाय नाय. फुडची बाई येवन ‘बिल्लो दी’ म्हणता, तेव्हाच आधीची सुटता. शेवटच्या दिवशी कंपनीच बंद पडली. माझो बिल्लो मागूक कोण येवकच नाय. चाळीस वर्सां वाट बघलंय गो बाय!”

“गुडघ्याच्या ऑपरेशनाची तारीख तीनदा चुकवल्यान हिणां,” सांतान म्हणाला. “पोरांका रस्त्यार कोण बघतला, म्हणान. उद्याची गोव्याची तारीख पण सोडूक निघालेली.”

कुंपणामागून ‘अगाई गं’ असा आवाज आला. गौरजाच्या ओठांवर ‘कुडाळ’ आलं होतं. ते तिथेच अडकलं.

आजीने बिल्ला तिच्या गणवेशावर लावला. कॉलर सरळ केली. नखंसुद्धा तपासली! मग शिट्टी आणि लाल फडका तिच्या हातात दिला.

“कडेक उभी रवान शिट्टी मार. डंपर थांबल्याबिगर रस्त्यार पाय टाकूचो नाय. मालक येवंदे, नायतर मंत्री. पोरां आधी.”

एवढं सांगून ती व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली, चपला दोन दिशांना भिरकावल्या आणि पाय लांब केले.

“सांतान, च्या दी रे! मी सुटलंय!”

परतीच्या वाटेवर मिहीर नुसता नाचत होता. “सोळा पुरे झाले! पयलो नंबर आपलोच!”

ओवीने एवढंच विचारलं, “कुडाळची गाडी कितीक गो?”

“साडेसहाक,” गौरजा म्हणाली. त्यानंतर घरापर्यंत ती रस्त्याच्या अगदी कडेकडेने चालली. तिच्या चौदा वर्षांच्या आयुष्यात असं आधी कधी घडलेलं नव्हतं.

घरी बाबा पेटीची काच पुसत होते. आई सकाळच्या डब्यासाठी घावन्यांचं पीठ भिजवत होती. गणवेशावरचा बिल्ला दिसताच दोघंही उठून उभी राहिली.

“गावलो?” बाबांनी सोळावा खण उघडला. “दी हयसर. बसता काय बघूया.”

गौरजाने बिल्ल्यावर हात ठेवला. पण काढला नाही.

“बाबा, पंधरा बिल्ले नि पेटी घेवन कुडाळाक मिहीर जातलो. आई, माका साहाक उठव. इनासिया आजी चालूक लागापर्यंत सकाळची ड्युटी माझी.”