खडीची जागा

सायोने पहारेचं टोक दगडामागे सारून दाब दिला. दगड सुटून तिच्या हातात आला. त्याच्या मागे खडी असायला हवी होती. माती होती.

तांबडी, चिकट माती. तिने ती बोटाने खरवडली. एखाद्या दगडामागे असते अशी, वरून वाहून येते. तिने शेजारचा दगड काढला. तिथेही तेच.

"काय झालं?" खालून मामाने विचारलं. "दगडाशी सोयरीक जुळवतेयस काय?"

"घे. जड आहे, पाय सांभाळ."

भिंत उतरवताना तीन ढीग घालायचे, हे जपानच्या शिकोकू बेटावरच्या डोंगरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. दर्शनी दगड एकीकडे, त्यांच्या मागे भरलेली खडी दुसरीकडे, माती तिसरीकडे. रचताना तेच सगळं पुन्हा वर चढतं. नीट बांधलेल्या भिंतीत खडीचा ढीग सर्वांत मोठा होतो. उतारावरचं पाणी त्या खडीतून खाली झिरपतं आणि दगडांच्या फटींतून बाहेर पडतं. म्हणून तर चुन्याचा कणही न लावता भिंत उभी राहते.

खडीच्या जागेवर सायोचे बाबा चाळणी घेऊन बसले होते. ऐंशीच्या पुढच्या माणसाला तेवढंच काम देण्यासारखं होतं. सकाळपासून त्यांच्यापुढे जेमतेम दोन ओंजळी खडी आली होती.

"दाजी, आज चंगळ आहे तुमची," मामा म्हणाला. "चाळणी उशाला घ्या आणि ताणून द्या."

बाबा हसले नाहीत.

मागच्या शरदात वादळ सरून ऊन पडल्यावर या भिंतीचा मधला भाग कोसळला. सायोची आई तेव्हा तिच्या पायथ्याशी बसून वाळवणासाठी पर्सिमनची फळं सोलत होती. ती नेहमी तिथेच बसायची. बाकीची भिंत पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस पाझरत राही, हा एवढा तुकडा कोरडा असे. तो बाबांनी एकट्याने रचला होता. आल्यागेल्याला ते तिथे हात लावून बघायला सांगायचे.

भिंतीबरोबर वरचं शेतही खाली आलं, त्यामुळे त्या चिखलात भिंतीतली माती कुठली आणि शेतातली कुठली ते कुणालाच कळलं नव्हतं. पडझडीच्या कडेला, बाबांच्याच तुकड्याच्या अजून उभ्या असलेल्या भागात, नानतेनचं झुडूप होतं. लहानपणी सायोनेच त्याचं लाल फळ फटीत खोचलं होतं. आईला अग्नी देऊन परतल्यावर बाबा एकदाच म्हणाले होते, "ते झुडूप काढायला हवं होतं. मुळ्यांनी भिंत फोडली." सायोने त्याच संध्याकाळी ते कापलं. तेव्हापासून ती रोज सकाळी आईच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवायची, पण मान वर करून बघायची नाही.

आता पहार त्या खुंटापाशी आली होती. तिने खुंटाच्या बाजूचा दगड सोडवला आणि आत वाकून पाहिलं. मुळ्या वीतभर आत गेल्या होत्या आणि तिथून वळून पुन्हा फटीकडे, उजेडाकडे आल्या होत्या. पुढे गच्च ओल धरलेली माती होती, कुबट वासाची. पाणी तुंबलेल्या, हवा नसलेल्या मातीत मुळं शिरत नाहीत.

ती बराच वेळ हलली नाही, तेव्हा मामा वर चढून आला. त्याने आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत ओला होता.

"सगळी मातीच?"

"हात पोचतो तिथवर."

मामाने वळून ढिगांकडे पाहिलं. मातीचा ढीग कमरेला लागला होता. त्याने डोक्याचं फडकं सोडून हात पुसला, पुसतच राहिला.

"ताई मला सांगायची," तो म्हणाला, "भर पावसाळ्यात येऊन बस म्हणे, टेकून बसलं तरी पाठ ओली होत नाही."

खालून बाबांनी मान वर न करता विचारलं, "मुळ्या किती आत होत्या?"

"वीतभर," सायो म्हणाली.

बाबांनी चाळणी मांडीवरून खाली ठेवली.

"हे रचलं त्या वर्षी पाऊस लवकर आला. खडी पाठीवर आणावी लागायची, नदीवरून. नदी किती खाली आहे, माहीत आहे तुला."

"माहीत आहे." तिने खुंटावर हात ठेवला. "ते झुडूप मला कापू दिलंत तुम्ही."

बाबा जमिनीवर हात टेकून उठले, मामाची पाठीवर घ्यायची टोपली उचलली आणि तिच्या पट्ट्यांत एकेक हात घातला.

"दाजी, असं काय करता? उद्या ट्रकने आणू की. मी सांगतो एकाला."

बाबा पायवाटेला लागले होते.

"सायो, थांबव ना त्यांना."

सायोने पहार पुढच्या दगडामागे सारली.

ते वर आले तेव्हा समोरच्या डोंगराची सावली चहाच्या मळ्यावर आली होती. त्यांनी टोपली उपडी केली. मुठीएवढे गोटे, अर्ध्या टोपलीलाही कमी. नदीने धुतलेले, स्वच्छ. त्यांना चाळायची गरज नव्हती. मामाने टोपली घ्यायला हात पुढे केला. बाबांनी ती दिली नाही. पट्टे पुन्हा खांद्यावर ओढले आणि खाली जाणाऱ्या वाटेकडे वळले.