ओर्गियाचं माप

या मंडळी, जवळ सरकून बसा. एक कथा सांगतो.

भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर त्र्यंबकराव प्राचीन ग्रीक मापं मीटरमध्ये उतरवत होते. 'ओर्गिया' म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारी लांबी. पुस्तकात एकशे पंच्याऐंशी सेंटिमीटर. खात्री करायला ते ओसरीवर हात पसरून उभे राहिले. "हलू नका हं," पत्नी इंदिराबाई टेप उलगडत म्हणाल्या.

तेवढ्यात दारात लेक आली. वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. हात पसरलेले बाबा पाहताच ती धावत येऊन बिलगली. "मला वाटलं होतं, हाकलून द्याल."

त्र्यंबकरावांचे हात क्षणभर तसेच राहिले, मग हळूच तिच्याभोवती मिटले. "दमली असशील, पोरी."

मंडळी, त्या इंदिराबाईंची आठवण ठेवा. त्यांनी टेप पदराखाली लपवली, अन् लेकीला आजवर काही सांगितलं नाही.